तळटीप ७ : प्रार्थनेतला पदर

७. डोक्यावर पदर : कोल्हापूरच्या चर्चमधली ही रीत मिशनऱ्यांनी आणली असा समज आढळतो, तो चुकीचा आहे. मिशनरी रॉयल वाइल्डर १८५२ मध्ये कोल्हापुरात आले, त्याच्या कितीतरी आधीपासून इथे वडीलधाऱ्यांसमोर आणि देवापुढे पदर घेतला जाई. ख्रिस्ती झालेल्या बायकांनी तोच उपासनेत नेला. ‘प्रार्थना करू या’ म्हणताच पाठीवरचा पदर डोक्यावर येतो, ‘आमेन’नंतर पुष्कळदा खाली उतरतो.

शास्त्राधार पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्राचा, अध्याय ११. इ.स. ५५च्या सुमाराचे हे पत्र स्त्रीने मस्तक झाकावे असे सांगते खरे, पण स्त्रिया सभेत प्रार्थना करतात, संदेश देतात, हेही तिथे गृहीतच आहे. नेमके हेच वाचताना सुटते, याची खंत वाटते. रोमन यज्ञात पुरुषही वस्त्राची कड डोक्यावर ओढत. पौल पुरुषांना मस्तक झाकू देत नाही, त्यामागे हे कारण असावे. तिसऱ्या शतकाच्या आरंभी कार्थेजच्या तर्तुल्लियन या ख्रिस्ती लेखकाला अविवाहित मुलींनीही मस्तक झाकावे म्हणून स्वतंत्र ग्रंथ लिहावा लागला, म्हणजे चाल सर्वत्र एक नव्हती. कॅथलिकांच्या १९१७ च्या धर्मसंहितेतला स्त्रियांनी मस्तक झाकण्याचा नियम १९८३ च्या संहितेत नाही.