वर्‍हाडावरचे बर्फ आणि विमानातले काटे

वर्‍हाडात बर्फ पडत नाही, गारा मात्र पडतात. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधल्या गारपिटीने उभ्या गहू-हरभर्‍याची काय गत केली, हे अकोला-अमरावतीकडच्या शिक्षकांना सांगायला नको. त्या गारांचे माहेर आपल्या डोक्यावर चार-पाच किलोमीटरवरच असते. हिशेब सोपा आहे. पावसाळ्यात जमिनीवर २७ अंश सेल्सिअस तापमान आणि ढगातल्या ओलसर हवेत दर किलोमीटरला साडेपाच अंशांची घट धरली, तर सुमारे ५ किलोमीटरवर, म्हणजे १६ हजार फुटांवर, शून्य अंश येते.

१६ एप्रिल २०२५ रोजी अमरावतीच्या बेलोरा विमानतळावर मुंबईची विमानसेवा सुरू झाली, ती एटीआर-७२ जातीच्या विमानाने. या पंख्याच्या विमानाची कमाल उंची २५ हजार फूट. मोठी जेट विमाने शून्याच्या वरचा ढगाळ थर भराभर ओलांडून जातात. याला बरेचदा त्याच थरातून प्रवास करावा लागतो.

या थरातले पाणी विचित्र असते. शून्याखाली जाऊनही ते गोठत नाही. त्याला अतिशीत पाणी म्हणतात. शुद्ध पाण्याची बाटली फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात न हलवता ठेवून मग टेबलावर आपटली, तर कधीकधी ते डोळ्यांदेखत गोठते. (पहिल्या खेपेला जमले नाही तर मुलांपुढे खजील होऊ नये, आम्हालाही चौथ्यांदा जमले.) ढगातल्या थेंबाला असा धक्का विमानाचा पंख देतो. आणि पंखापेक्षाही नाजूक जागा म्हणजे पिटो नळी.

आंरी पिटो या फ्रेंच अभियंत्याने १७३२ मध्ये सेन नदीच्या प्रवाहाचा वेग मोजायला ही नळी वापरली. प्रवाहाकडे तोंड केलेल्या नळीत दाब वाढतो. तो दाब आणि भोवतालचा स्थिर दाब यांतला फरक वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. विमानाचा वेगमापक आजही याच फरकावर चालतो. सेकंदाला १०० मीटर वेग असेल, तर जमिनीलगत हा फरक सुमारे ६,००० पास्कल भरतो.

आता नळीचे तोंड आणि पाणी निचरण्याचे छिद्र दोन्ही बर्फाने बुजली असे समजू. आतला दाब कोंडला गेला. विमान ५०० मीटर वर चढले की बाहेरचा दाब आणखी सुमारे ६,००० पास्कलने उतरतो. फरक दुप्पट झाला, म्हणून खरा वेग तोच असूनही काटा १०० ऐवजी १४१ दाखवतो. वेगमापकाचा जणू उंचीमापक होतो!

१ डिसेंबर १९७४ रोजी न्यूयॉर्कहून बफेलोला निघालेल्या बोइंग ७२७ विमानात नेमके हेच झाले. पिटो नळी तापवणारे बटण सुरू करायचे राहून गेले होते. वर चढताना काटा वेग वाढताना दाखवू लागला. विमान रिकामे, हलके. म्हणून चढते आहे झपाट्याने, असे तिघा वैमानिकांना वाटले. वेग आवरण्यासाठी त्यांनी नाक आणखी वर केले. पंखांची उचल संपत आल्याचा इशारा म्हणून दांडा थरथरू लागला, तो त्यांनी अतिवेगाचा हादरा समजला. विमान कोसळले आणि तिघेही गेले. त्यांच्या हाती असलेला प्रत्येक आकडा त्यांच्या समजुतीशी जुळत होता, हे लक्षात घेतले पाहिजे. त्यांना मूर्ख ठरवणे सोपे आहे, पण ते बरोबर नाही.

आपल्याकडचा प्रसंग बर्फाविना घडला. १ जानेवारी १९७८ च्या रात्री मुंबईहून दुबईला निघालेले एअर इंडियाचे ‘एम्परर अशोका’ हे बोइंग ७४७ अवघ्या दीड-दोन मिनिटांत वांद्र्यासमोर समुद्रात पडले. २१३ माणसे गेली. उजवे वळण घेऊन विमान सरळ झाले, तरी मुख्य वैमानिकापुढचे कृत्रिम क्षितिज विमान उजवीकडेच कललेले दाखवत राहिले. खाली काळा समुद्र, वर काळे आकाश. खरे क्षितिज दिसतच नव्हते. काट्यावर विश्वास ठेवून त्यांनी विमान डावीकडे कलवत नेले. सहवैमानिकाचे यंत्र वेगळेच सांगत होते. शिवाय पंच म्हणून एक तिसरे, स्वतंत्र यंत्र होते, आणि हवाई अभियंत्याने त्याकडे लक्ष वेधायचा प्रयत्न केल्याचे ध्वनिमुद्रणावरून दिसते. पण वेळ उरला नव्हता.

१ जून २००९ रोजी अटलांटिकवर एअर फ्रान्सच्या एअरबसच्या पिटो नळ्या हिमस्फटिकांनी बुजल्या, त्या एका मिनिटाच्या आसपास. नळ्या मोकळ्या झाल्या, पण तोवर नाक वर खेचले गेले होते, आणि त्यातून विमान सावरलेच नाही. २२८ जण गेले. वेगमापक बिनभरवशाचा झाला, तर नाकाचा ठरावीक कोन आणि इंजिनाची ठरावीक शक्ती राखून स्वस्थ राहायचे, ही रीत जुनीच होती. या अपघातानंतर तिचा सराव जास्त उंचीवरच्या उड्डाणासाठीही नेटाने करून घेतला जाऊ लागला.

एटीआर-७२ ची गोष्ट पंखाची आहे. पंखाच्या पुढच्या कडेला रबरी पट्टे असतात. ते हवेने फुगले की बर्फ तडकून उडून जातो. ३१ ऑक्टोबर १९९४ रोजी अमेरिकेत रोझलॉनजवळ असे विमान अर्ध्या तासाहून अधिक काळ घिरट्या घालत होते. थेंब मोठे असल्याने ते पट्ट्यांच्या मागे वाहत गेले आणि तिथे बर्फाचा बांध झाला. स्वयंचालक विमान सांभाळत असल्याने गडबड हाताला जाणवली नाही. तो सुटला तेव्हा विमान एकदम कलंडले. ६८ जण दगावले. नंतर पट्टे रुंद केले गेले, आणि बर्फ फार साचू लागले की स्वयंचालक बंद करून तो थर सोडायचा, असा नियम झाला. ऑगस्ट २०२४ मध्ये ब्राझीलमध्ये याच जातीचे विमान पडून ६२ जण गेले. त्याच्याही प्राथमिक अहवालात बर्फाचा उल्लेख आहे.

एटीआरच्या डावीकडच्या खिडकीबाहेर एक छोटी दांडी असते. तिला वीज नाही, काटा नाही, आकडा नाही. रात्री दिसावी म्हणून दिव्याची सोय तेवढी असते. वैमानिकाने मान वळवून पाहायचे, की तिच्यावर बर्फ आहे का.