राज्यांचे सामंजस्य आणि राष्ट्राचे धोरण : २००५च्या एका ज्ञापनाचे वाचन

हवामानविषयक धोरणाचा इतिहास सामान्यतः आंतरराष्ट्रीय करारांच्या अनुषंगाने लिहिला जातो. अमेरिकेच्या संदर्भात ही मांडणी अपुरी पडते. क्योटो कराराच्या (१९९७) अंमलबजावणीपासून दूर राहण्याची भूमिका बुश प्रशासनाने मार्च २००१मध्ये जाहीर केली. त्यानंतरची पोकळी काही अंशी राज्यांच्या गव्हर्नरांनी भरून काढली. येथे ‘गव्हर्नर’साठी ‘राज्यपाल’ ही संज्ञा योजणे दिशाभूल करणारे ठरेल. आपल्याकडील राज्यपालाची नियुक्ती राष्ट्रपती करतात. अमेरिकेतील गव्हर्नर हा मतदारांनी निवडलेला कार्यकारी प्रमुख असतो.

न्यूयॉर्कचे गव्हर्नर जॉर्ज पटाकी यांनी २००३मध्ये ईशान्येकडील राज्यांना सहकार्याचे आवाहन केले. पटाकी हे बुश यांच्याच रिपब्लिकन पक्षाचे होते, ही बाब लक्षणीय आहे. २० डिसेंबर २००५ रोजी सात राज्यांनी एक ज्ञापन स्वीकारले. वीजनिर्मिती केंद्रांच्या कार्बन उत्सर्जनावर मर्यादा घालावी व ती २०१८पर्यंत १० टक्क्यांनी उतरवावी, असे ठरले. या दस्तऐवजास ‘करार’ न म्हणता ‘सामंजस्य ज्ञापन’ म्हटले गेले. काँग्रेसच्या संमतीविना राज्यांनी आपसांत करार करण्यास अमेरिकी राज्यघटनेचा प्रतिबंध आहे, हे ध्यानात घेता संज्ञेची ही निवड केवळ औपचारिक मानता येत नाही.

ज्ञापनातील एक तरतूद विशेष अर्थपूर्ण आहे. या योजनेशी तुल्य असा संघीय कार्यक्रम अस्तित्वात आल्यास राज्ये त्यात सामील होतील, असे त्यात नमूद आहे. म्हणजेच हा मसुदा स्वतःच्या समाप्तीची अपेक्षा बाळगतो. त्याचा संबोधित वाचक सह्या करणारी राज्ये नसून केंद्रशासन आहे.

त्या वाचकाने प्रतिसाद दिला नाही. उत्सर्जनाच्या परवान्यांचा व्यापार राष्ट्रव्यापी करू पाहणारे विधेयक प्रतिनिधीगृहाने जून २००९मध्ये २१९ विरुद्ध २१२ मतांनी संमत केले. सिनेटमध्ये ते अडले. सामंजस्याच्या ऐच्छिकतेची किंमतही राज्यांना मोजावी लागली. न्यू जर्सी २०११अखेर बाहेर पडले व २०२०मध्ये परतले. २०२१मध्ये सहभागी झालेले व्हर्जिनिया २०२३अखेर बाहेर पडले. मात्र १ जून २०१७ रोजी पॅरिस करारातून माघार घोषित होताच कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क व वॉशिंग्टन यांच्या गव्हर्नरांनी त्याच दिवशी नवी आघाडी जाहीर केली. सहकार्याचा हा प्रघात तोवर रुळला होता.

आज्ञेची भाषा उपलब्ध नसताना वचनाच्या भाषेत लिहिलेले हे धोरण होते. वचन मोडता येते, ही त्याची मर्यादा. आणि कोणाच्या अनुज्ञेवाचून ते पुन्हा देता येते, हेच त्याचे सामर्थ्य होय.