मोठे टायर बसवल्यावर ॲक्सलचा गिअर रेशो कसा निवडावा?

अमेरिकेत पिकअप किंवा जीप घेतल्यावर मोठे टायर बसवण्याची हौस अनेकांना असते. टायर मोठे झाले की गाडी उंच होते आणि खडकाळ वाटेवर ॲक्सल घासत नाही. पण चढ आला की गाडी ओढत नाही, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स सारखा गिअर बदलत राहतो आणि तापतो. दोष इंजिनाचा नसतो. टायर आणि ॲक्सलच्या गिअरचा मेळ सुटलेला असतो.

रेशो म्हणजे काय?

ॲक्सलच्या मधल्या फुगीर भागात क्राऊन आणि पिनियन हे दोन गिअर असतात. क्राऊनला ४१ आणि पिनियनला १० दात असतील, तर रेशो ४.१० होतो. म्हणजे इंजिनाकडून येणारा शाफ्ट ४.१० वेळा फिरतो, तेव्हा चाक एकदा फिरते. आकडा मोठा असेल तर ओढ जास्त मिळते, पण त्याच वेगाला इंजिनाचे फेरेही वाढतात.

मोठा टायर एका फेऱ्यात जास्त अंतर कापतो. त्यामुळे आकड्यात ४.१० असलेला गिअर प्रत्यक्षात त्याहून कमी रेशोसारखा वागतो.

हिशेब कसा करायचा?

नवा रेशो = जुना रेशो × नव्या टायरचा व्यास ÷ जुन्या टायरचा व्यास

जीप रँग्लर रुबिकॉनचे जेके मॉडेल घेऊ. त्यात मूळ टायर सुमारे ३२ इंची आणि रेशो ४.१० असतो. ३५ इंची टायरसाठी ४.१० × ३५ ÷ ३२ = ४.४८. बाजारात मिळणारा जवळचा रेशो ४.५६ आहे.

ताशी १०० किमी वेगाला शाफ्टचे दर मिनिटाला होणारे फेरे साधारण असे:

- ३२ इंच, ४.१० : २,६८०
- ३५ इंच, ४.१० : २,४५०
- ३५ इंच, ४.५६ : २,७२०
- ३५ इंच, ४.८८ : २,९१०

रोजच्या वापराला ४.५६ पुरेसा आहे. जड ट्रेलर ओढायचा असेल किंवा डोंगराळ भागात गाडी चालवायची असेल, तर ४.८८ चा विचार करावा. मात्र महामार्गावर इंजिनाचा आवाज वाढेल आणि इंधनही जास्त लागू शकते.

बदलण्यापूर्वी

- फोर-व्हील ड्राइव्ह गाडीत पुढच्या आणि मागच्या दोन्ही ॲक्सलचे गिअर एकाच वेळी बदलावे लागतात. रेशो वेगळे राहिले, तर पक्क्या रस्त्यावर फोर-व्हील लावताच ट्रान्सफर केसवर ताण येऊन मोडतोड होते.
- काही ॲक्सलमध्ये ठरावीक रेशोच्या पुढे गेल्यास डिफरन्शियलचा कॅरिअरही बदलावा लागतो. त्याची आधी चौकशी करावी.
- गिअर बसवताना दातांमधली फट अचूक जुळवावी लागते. ती चुकली तर ॲक्सलमधून घरघर येते आणि दात लवकर झिजतात.
- स्पीडोमीटर नव्या टायरप्रमाणे जुळवून घ्यावा. वरच्या उदाहरणात काटा १०० दाखवेल, तेव्हा गाडीचा खरा वेग सुमारे १०९ असेल.

एक गोष्ट गिअर बदलूनही सुटत नाही, ती म्हणजे ब्रेक. मोठे आणि जड चाक थांबवायला जास्त जोर लागतो, आणि ते काम ॲक्सलचा रेशो करत नाही. म्हणून टायर विकत घेण्याआधीच गिअर, मजुरी आणि ब्रेक यांचा एकत्र खर्च मांडावा. तो झेपत नसेल, तर थोडे लहान टायर घेणे शहाणपणाचे.