बारीपाड्यातील वनसंकलन व्यवसाय

धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील बारीपाडा या आदिवासी पाड्यावर शेतीला वनोपजाची जोड देऊन उभी राहिलेली उपजीविका. १९९० च्या दशकात चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने गावकऱ्यांनी कुऱ्हाडबंदी करून उजाड डोंगर राखला. वेचण्याजोगे काही उरले ते त्यामुळेच. मोहफुले उन्हाळ्याच्या तोंडाशी वेचून वाळवतात, रानभाज्या पावसाळ्यात खुडतात. कोणत्या भाजीचा कोवळा पालाच घ्यायचा, कोणता कंद पुन्हा पुन्हा उकळून कडूपणा काढायचा, हे ज्ञान मुख्यतः बायकांकडे असून या व्यवसायाचे खरे भांडवल तेच होय. २००४ पासून भरणाऱ्या वनभाजी पाककला स्पर्धेने या ज्ञानाला उचित मान मिळवून दिला. डोंगर राखण्यात पुढाकार घेणाऱ्या पवार यांना २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली.