सोलापूरचे तलाव, माळढोक आणि शहरी अनुकूलन

शहरातील वन्यजीवांचा अभ्यास करताना अनुकूलन व उत्क्रांती यांत भेद करावा लागतो. मँचेस्टरमध्ये १८४८ साली नोंदला गेलेला काळा पतंग हे आनुवंशिक बदलाचे उदाहरण होय. सोलापुरात घडले ते निराळे. परंपरेने बाराव्या शतकातील सिद्धरामेश्वरांशी जोडलेला सिद्धेश्वर तलाव आणि एकोणिसाव्या शतकात सिंचनासाठी बांधलेला एकरुख तलाव पाणपक्ष्यांनी आपलेसे केले. माणसाने पाणी साठविले, पक्ष्यांनी त्याचा लाभ घेतला, इतकेच.

उघड्या माळावर बहुधा एकच अंडे घालणाऱ्या माळढोकाला अशी सोय मिळाली नाही. १९७९ मध्ये त्याच्यासाठी अभयारण्य घोषित झाले. तरी नान्नजच्या माळावर अलीकडे एखाददुसराच पक्षी दिसतो. सरकारी दप्तरात ‘पडीक’ ठरलेली जमीन हीच त्याची वस्ती होती.