घडीचा कॅमेरा उघडण्यापूर्वी

१/ रायगडाच्या पायथ्याशी हिरकणीवाडीतून १९९६ साली रोपवे सुरू झाला. त्याआधीच्या काळात चढणीवर सोबत न्यायला घडीचा कॅमेरा सोयीचा होता. आग्फाचा इसोलेट, झाइस इकॉनचा नेटार ही त्याची परिचित उदाहरणे. भाता मिटला की तो कोटाच्या खिशात मावे.

२/ आज असा कॅमेरा माळ्यावर सापडला, तर दुरुस्तीची घाई करू नये. प्रथम पाठीवरील लाल खिडकीत पाहावे. आकडा दिसला, तर आत फिल्म आहे. उजेडात पाठ उघडल्यास त्यावरील चित्रे नष्ट होतील. फिल्म शेवटपर्यंत गुंडाळून, अंधारातच काढावी.

३/ कॅमेरा रिकामा असल्यास अंधाऱ्या खोलीत भात्याच्या आत विजेरी धरावी. कोपऱ्यांतून चमकणारे ठिपके म्हणजे छिद्रे. त्यांवर पातळ काळे कापड चिकटवावे. जाड ठिगळाने भाता मिटत नाही. १९०१ साली आलेली १२० क्रमांकाची फिल्म आजही मिळते.

४/ छिद्रे बुजवण्यापूर्वी त्यांच्या जागा मात्र टिपून ठेवाव्यात. गडाच्या जुन्या छायाचित्रातील पांढरा पट्टा धुक्याचा की भात्यातून शिरलेल्या उजेडाचा, याचा उलगडा त्या नोंदीवरून होऊ शकतो. साधनाचा दोष ओळखणे हीसुद्धा साधनचिकित्साच.