सरंजाम आणि स्वामित्व

इसवी सन १७७२ हे साल मराठ्यांच्या इतिहासात दोन कारणांनी ध्यानात ठेवावयास हवे. त्या वर्षी १८ नोव्हेंबर रोजी थेऊर मुक्कामी थोरल्या माधवराव पेशव्यांनी वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी क्षयाने देह ठेवला व त्यांच्या पत्नी रमाबाई सती गेल्या. हे कारण सर्वांस ठाऊक आहे. दुसरे कारण आमच्या सिल्वासाबाहेर क्वचितच कोणी सांगतो. त्याच वर्षी मराठ्यांच्या आरमाराने ‘सांताना’ या पोर्तुगीज युद्धनौकेचे नुकसान केले. त्या नुकसानीच्या भरपाईचा प्रश्न पुढे १७ डिसेंबर १७७९ रोजी झालेल्या मैत्रीच्या तहात आला. इंग्रजांशी युद्ध चालू असताना पोर्तुगीजांचे सख्य पुणे दरबारास हवेच होते. त्या तहाला अनुसरून १७८३ मध्ये नगर हवेलीची गावे आणि १७८५ मध्ये दादरा पोर्तुगीजांच्या हाती गेले. म्हणजे माधवरावांच्या निधनाचे वर्ष आणि या प्रदेशाच्या पौणेदोनशे वर्षांच्या परदास्याचे बीज पडल्याचे वर्ष एकच होय.

ही गावे कोणत्या हक्काने दिली गेली, हा वाद पुढे हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयापर्यंत गेला. १९५४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये दादरा व नगर हवेली मुक्त झाल्यावर आपल्या मुलखात जाण्यायेण्याचा हक्क भारताने अडविला, अशी पोर्तुगालची तक्रार होती. भारताची बाजू मोतीलाल सेटलवाड यांनी मांडली. १२ एप्रिल १९६० च्या निकालपत्रात न्यायालयाने तहाचे व सनदांचे शब्द बारकाईने तपासले आणि म्हटले की, मराठ्यांनी दिला तो केवळ वार्षिक बारा हजार रुपये महसुलाचा जहागिरी अथवा सरंजामी हक्क होता. जमिनीवरील सार्वभौमत्व त्यांनी दिले नव्हते. जेथे सार्वभौमत्व द्यावयाचे असे तेथे मराठे तसे स्पष्ट शब्द वापरीत, असा दाखलाही न्यायालयाने दिला. उत्पन्न एकाचे आणि स्वामित्व दुसऱ्याचे, हा सरंजामाचा अर्थ. कायद्याच्या विद्यार्थ्यास हा भेद मोलाचा वाटतोच; परंतु तो केवळ जमिनीलाच लागू पडतो असे मात्र नाही.

कलेच्या राज्यातही सरंजामदार असतात. नटी ही त्यांतली ठळक. तिच्या मुद्रेवर चित्रपट चालतो, मानधन व कीर्ती तिच्या वाट्यास येते. परंतु कथा कोणती सांगावयाची, कोठून आरंभावयाची, कोणत्या पात्रास किती अवकाश द्यावयाचा, हे ठरविण्याचा अधिकार तिचा नसतो. त्या मुलखाचे उत्पन्न तिला मिळते, स्वामित्व मिळत नाही. म्हणून एखादी नटी दिग्दर्शिका होते तेव्हा केवळ व्यवसाय बदलत नाही, हक्काचे स्वरूपच बदलते. श्रीमती मृणाल कुलकर्णी यांच्या वाटचालीकडे या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. आणि योगायोग असा की, त्या वाटचालीची दोन महत्त्वाची स्थळे थेऊरच्या त्याच माधवराव-रमाबाईंच्या कथेत सापडतात.

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्यानंतर पंधरा वर्षांनी, १९८७ मध्ये, त्यावर ‘स्वामी’ ही मराठी मालिका आली. रणजित देसाई यांची त्याच नावाची कादंबरी १९६२ साली प्रसिद्ध झाली होती आणि १९६४ मध्ये तीस साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले होते. मालिकेचे दिग्दर्शक होते गजानन जागीरदार. १९४४ साली प्रभातच्या ‘रामशास्त्री’ चित्रपटात न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांची भूमिका करणारे आणि त्याच्या दिग्दर्शनाची धुरा वाहणारे तेच जागीरदार. पेशव्यांच्या दरबाराशी त्यांचा परिचय असा जुना होता. त्यांनी माधवरावांच्या भूमिकेसाठी रवींद्र मंकणी यांची आणि रमाबाईंसाठी मृणाल देव या पुण्याच्या एका विद्यार्थिनीची निवड केली. पुढच्याच वर्षी, १९८८ मध्ये, जागीरदार निवर्तले.

ही विद्यार्थिनी वाङ्मयाच्या घरात वाढलेली होती. दुर्गप्रेमी कादंबरीकार गो. नी. दांडेकर तिचे आजोबा, डॉ. वीणा देव व डॉ. विजय देव तिचे आईवडील. गोनीदांच्या कादंबऱ्यांचे अभिवाचन हा त्या घराचा व्रतासारखा चालविलेला उपक्रम होता. अभिवाचन म्हणजे शब्दाला बाधा न आणता त्यास आवाज देणे. नटाच्या कलेचे ते शुद्ध रूप होय. ज्यास दुसऱ्याच्या शब्दाशी प्रामाणिक राहण्याची अशी सवय लहानपणी लागते, त्यास स्वतःचा शब्द उच्चारावयास वेळ लागला तर नवल नाही.

वेळ लागला खरा. ‘स्वामी’ आणि त्यांच्या दिग्दर्शनाखालील पहिला चित्रपट यांत सव्वीस वर्षांचे अंतर आहे. या काळात त्यांनी हिंदी-मराठी दूरचित्रवाणीवर विविध भूमिका केल्या. २००० साली सुरू झालेल्या ‘सोनपरी’ने त्यांना भारतभरच्या मुलांच्या ओळखीचे केले. २००२ मध्ये आलेल्या ‘अवंतिका’ने त्या मराठी घरांत रोज संध्याकाळी येणाऱ्या आप्त झाल्या. २००८ च्या ‘राजा शिवछत्रपती’ मालिकेत त्यांनी जिजाबाईंची भूमिका केली. मध्यंतरी अमोल पालेकर यांच्या ‘थांग’ (२००६) या चित्रपटात एका अवघड दांपत्यकथेचा भार त्यांनी वाहिला.

दूरचित्रवाणीच्या नटीचे स्थान चित्रपटाच्या नटीहून निराळे असते, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे. चित्रपटाच्या तारकेस प्रेक्षक पैसे देऊन, घराबाहेर पडून पाहावयास जातो. दूरचित्रवाणीची नटी त्याच्या माजघरात येते. तिजबद्दल प्रेक्षकाला दरारा नसतो, जिव्हाळा असतो. आणि जिव्हाळ्याबरोबर अपेक्षांचे ओझेही येते. ज्या रूपात ती घरात आली त्याच रूपात तिने सदैव राहावे, असे घरच्यांस वाटते. रमाबाईंची निरागस मुद्रा एकदा मनात ठसली की, तीच स्त्री खुर्चीवर बसून शंभर माणसांस आज्ञा देत आहे, ही कल्पना सहज रुचत नाही. म्हणून या सरंजामातून स्वामित्वाकडे जाणारी वाट अधिक चढणीची.

ही वाट अगदीच अनवट होती असे मात्र नाही. १९२६ साली फातमा बेगम यांनी ‘बुलबुल-ए-परिस्तान’ दिग्दर्शित केला. भारतातील पहिल्या दिग्दर्शिका त्या, आणि त्याही मूळच्या नटीच. शोभना समर्थांनी १९५० साली ‘हमारी बेटी’ स्वतः दिग्दर्शित करून आपल्या कन्येस, नूतनला, पडद्यावर आणले. ज्यांचे घराणे मूळचे गोव्याचे आणि ज्यांच्या घरची बोली कोंकणी, त्या दुर्गा खोटे यांनी उत्तरायुष्यात स्वतःची निर्मितिसंस्था चालविली. १९८८ ची ‘वागळे की दुनिया’ ही मालिका त्याच संस्थेची. दूरदर्शनवर बातम्या वाचणाऱ्या स्मिता तळवलकर नटी झाल्या, निर्मात्या झाल्या आणि ‘सवत माझी लाडकी’ (१९९२) या चित्रपटाच्या दिग्दर्शिकाही झाल्या. ‘सुरभि’च्या सूत्रधार व मालिकांतील अभिनेत्री रेणुका शहाणे यांनी २००९ मध्ये आपल्या मातोश्री शांता गोखले यांच्या कादंबरीवरून ‘रीटा’ दिग्दर्शित केला. या परंपरेची एक कडी विशेष बोलकी आहे: ‘अवंतिका’ची निर्मिती स्मिता तळवलकर यांचीच होती. नटीने निर्मिती व दिग्दर्शन हाती घ्यावे याचा जिता दाखला मृणाल कुलकर्णींस कामाच्या जागीच पाहावयास मिळाला.

त्यांचा पहिला दिग्दर्शित चित्रपट ‘प्रेम म्हणजे प्रेम म्हणजे प्रेम असतं’ एप्रिल २०१३ मध्ये आला. विवाह मोडल्यानंतर मध्यम वयात पुन्हा जुळू पाहणाऱ्या नात्याची ही कथा. त्यात त्यांच्यासह सचिन खेडेकर, पल्लवी जोशी व सुनील बर्वे यांच्या भूमिका होत्या. कुटुंब न्यायालयाच्या आवारात वावरणाऱ्या माणसास हा विषय किती निकटचा आहे ते सांगावयास नको. न्यायालयाचा हुकूमनामा विवाह संपवितो. माणसांचे पुढे काय होते हे सांगण्याचे काम त्याचे नसते. ते कथेचे काम.

परंतु खरी कसोटी पुढच्या चित्रपटात होती. ८ ऑगस्ट २०१४ रोजी ‘रमा माधव’ प्रदर्शित झाला. स्मिता तळवलकर यांचे निधन होऊन तेव्हा दोनच दिवस लोटले होते. सत्तावीस वर्षांपूर्वी दुसऱ्याच्या आज्ञेत उभी केलेली कथा आता मृणाल कुलकर्णी स्वतःच्या अधिकारात सांगत होत्या. माधवरावांच्या भूमिकेत आलोक राजवाडे आणि रमाबाईंच्या भूमिकेत पर्ण पेठे अशी तरुण जोडी त्यांनी निवडली. ‘स्वामी’तील माधवराव, म्हणजे रवींद्र मंकणी, येथे माधवरावांचे पिते नानासाहेब झाले, आणि ‘स्वामी’तील रमाबाई स्वतः गोपिकाबाई झाल्या. काल जे पतिपत्नी होते ते आज त्या पतीचे मातापिते. पात्रांची ही अदलाबदल केवळ गमतीची नाही. जी सून म्हणून वाड्यात आली होती, ती आता सासूच्या जागेवरून सुनेकडे पाहत होती. इतिहासातील व्यक्तीस न्याय द्यावयाचा तर तिला एकाहून अधिक जागांवरून पाहावे लागते. साक्षीदार एकच असला तर न्यायाधीश सावध होतो.

या चित्रपटातील महत्त्वाचा निर्णय कथेच्या विस्ताराचा आहे. शनिवारवाड्यातील इतर स्त्रियांसही येथे स्थान आहे. पानिपतावर १४ जानेवारी १७६१ रोजी सदाशिवरावभाऊ पडले. परंतु त्यांचे मरण त्यांच्या पत्नी पार्वतीबाईंनी कधी मानले नाही आणि वैधव्याची चिन्हे स्वीकारली नाहीत. गोपिकाबाईंनी विश्वासराव पानिपतावर गमावले, पाच महिन्यांत पती गमावला, आणि पुढे माधवरावांशी मतभेद होऊन त्या नाशिकजवळ गंगापूर येथे जाऊन राहिल्या. आनंदीबाईंची महत्त्वाकांक्षा तर इतिहासाने बदनामच करून ठेवली आहे. या तिघींच्या शेजारी रमाबाईंस उभे केले की त्यांचे सहगमन एकाकी तेजोवलयासारखे दिसत नाही. पतीच्या मागे स्त्रीने काय करावे, या एकाच प्रश्नाची वाड्यातील स्त्रियांनी दिलेली निरनिराळी उत्तरे आपणांसमोर येतात, आणि त्यांतले एकही उत्तर सुखाचे नाही, हे ध्यानी येते.

हा मुद्दा कायद्याच्या दृष्टीने लहान नाही. ज्या १९८७ साली ‘स्वामी’ मालिका घरोघरी पाहिली गेली, त्याच वर्षीच्या सप्टेंबरात राजस्थानातील देवराळा गावी एक अठरा वर्षांची विधवा चितेवर जळून मेली आणि सारा देश हादरला. त्यातून सती प्रतिबंधाचा केंद्रीय अधिनियम झाला. इंग्रजी अमलात बंगाल इलाख्यात १८२९ सालीच ही चाल गुन्हा ठरली होती. नव्या कायद्याने तिचे उदात्तीकरणही दंडनीय केले. तेव्हा रमाबाईंची कथा सांगणाऱ्यापुढे खरी अडचण उभी राहते. सहगमन गाळावे तर इतिहासाशी प्रतारणा; ते आरतीच्या ताटासारखे ओवाळावे तर वर्तमानाशी. यातून वाट काढण्यास कायद्याची धमकी पुरी पडत नाही, कथाकाराचा विवेकच लागतो. कोवळ्या वयात सून होऊन आलेल्या मुलीस तिच्या काळाने दुसरी कोणती वाट मोकळी ठेवली होती, हे दाखविणे हाच तो विवेक. भव्य देखावे, आरास व गाणी यांच्या मोहात ‘रमा माधव’ हा विवेक क्वचित झाकोळू देतो, असे आमचे मत आहे. परंतु वाड्यातील स्त्रियांना आवाज देऊन त्याने प्रश्न जिवंत ठेवला, हेही तितकेच खरे. या चित्रपटास संगीत देणारे आनंद मोडक तो प्रदर्शित होण्यापूर्वीच, मे २०१४ मध्ये, निवर्तले, ही त्यास चिकटलेली आणखी एक खंत.

त्यानंतर ‘ती अँड ती’ (२०१९) आणि ‘सहेला रे’ (२०२२) हे आजच्या काळातील चित्रपट त्यांनी दिग्दर्शित केले. याच सुमारास ‘फर्जंद’ (२०१८), ‘फत्तेशिकस्त’ (२०१९), ‘पावनखिंड’ व ‘शेर शिवराज’ (२०२२) या दिग्पाल लांजेकर यांच्या चित्रपटांत त्या पुनःपुन्हा जिजाबाई झाल्या. स्वामित्व मिळाल्यावर सरंजाम टाकून द्यावाच लागतो असे नाही, हे त्यांनी कृतीने दाखविले. दुसऱ्याच्या कथेत निष्ठेने उभे राहणे त्यांस उणेपणाचे वाटले नाही. कदाचित घरच्या अभिवाचनाचाच तो संस्कार असेल.

हेगच्या निकालपत्रात आणखी एक गोष्ट आहे, ती सहसा सांगितली जात नाही. मराठ्यांनी सरंजामच दिला होता हे खरे. परंतु पुढे इंग्रजांनी दीर्घकाळच्या वर्तनाने पोर्तुगीजांचे सार्वभौमत्व मान्य केल्यासारखे झाले, असेही न्यायालयाने म्हटले. म्हणजे जो हक्क सनदेत लिहिलेला नसतो तो कधी कधी वहिवाटीतून उगवतो. आमच्या या भूमीच्या बाबतीत तो परक्याच्या पदरी पडला, म्हणून तो मिटवावयास १९५४ साली माणसांना प्राणांची पर्वा न करता यावे लागले; त्यांत सुधीर फडके व बाबासाहेब पुरंदरे हे कलावंत आणि इतिहासाचे उपासकही होते. नटीच्या बाबतीत मात्र ही वहिवाट स्वकष्टार्जित असते. मृणाल कुलकर्णींस कोणी दिग्दर्शनाची सनद दिली नव्हती. सव्वीस वर्षे त्यांनी दुसऱ्यांच्या कथा जगवून दाखविल्या, त्यांतले बारकावे टिपले, आणि मग ज्या कथेने त्यांना नाव दिले होते तिच्यावरच आपला हक्क सांगितला. असा हक्क नाकारावयास कोणत्याही न्यायालयात कोणापाशी आधार सापडणार नाही.